लुकलुकणारा तापमानाचा दिवा : स्नोमोबाईल दुरुस्तीच्या नोंदी

स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारं हे यंत्र, जुनं आहे. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटर, कूलंटनं थंड होणारं इंजिन. दोरी ओढून सुरू होतं, बॅटरी नाही. तापमान दाखवणारा काटा नाही, डॅशवर फक्त एक लाल दिवा. तक्रार एकच : हा दिवा मधेच लागतो आणि मधेच विझतो. कायमचा लागला असता तर शोध सोपा होता. मधूनच येणाऱ्या दोषासाठी तारखा आणि परिस्थिती लिहून ठेवणं भाग आहे, म्हणून ही वही.

४ जानेवारी

हंगामातली दुसरी फेरी. दीड तास सगळं ठीक. मग झाडीतल्या खडबडीत वाटेवर, मऊ बर्फात, दिवा दोन-तीन सेकंद लागला आणि विझला. वेग कमी केला. पाचेक मिनिटांनी पुन्हा लागला, तेव्हा थांबून इंजिन बंद केलं.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत हा दिवा नजरेआड करायची माझी तयारी नाही. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, तापला की सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. ती संपली की पिस्टन सिलिंडरला धरतो, इंजिन जागीच जाम होतं, आणि तेही बहुधा घरापासून सर्वांत लांब असताना.

हूड उघडून पाहिलं. वाफ नाही, कूलंटचा गोडसर वास नाही, होजच्या जोडांवर ओल नाही. टाकीचं झाकण गरम असताना उघडलं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण सैल होताच दाब जातो आणि ते उकळून हातावर येतं. हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, बर्फही टाकला नाही. गरम धातूवर एकदम थंडी पडली तर तो तडकू शकतो. बर्फ टाकायचाच तर टनेलवर (ट्रॅकच्या, म्हणजे यंत्र पुढे नेणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या वरचं धातूचं आवरण), कूलरच्या जागी. अर्धा तास थांबून हळूहळू परत आलो. परतीत दिवा लागला नाही.

५ जानेवारी

यंत्र रात्रभर गार झालं होतं. कूलंटची पातळी खुणेच्या जेमतेम खाली. मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरवर तपासलं, गोठणबिंदू उणे ३६ च्या आसपास, म्हणजे एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी जवळजवळ निम्मं-निम्मं. हे प्रमाण बरोबर आहे. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. शिवाय पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही.

झाकणाचं रबर ठीक. होज दाबून पाहिले, कुठं मऊ पडलेले नाहीत. पंपाखालच्या गळतीच्या भोकातून थेंब नाही. पातळी डिस्टिल्ड वॉटर मिसळलेल्या कूलंटनं खुणेवर आणली आणि टाकीवर बारीक मार्करनं रेघ मारली. यापुढे कमी झालं तर कळेल.

इंजिन तापलं की दिवा लावणाऱ्या स्विचचा कनेक्टर उघडला. थोडी हिरवट पुटं होती. साफ केली, ओल रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवला.

११ जानेवारी

आज मुद्दाम कडक वाटेवर नेलं. चार दिवसांत बर्फ पडलेला नाही, वाट दगडासारखी झाली आहे. दहा-बारा मिनिटांत दिवा लागला आणि या वेळी लुकलुकला नाही, लागूनच राहिला. लगेच वाट सोडून बाजूच्या मऊ बर्फात शिरलो. मिनिटभरात विझला.

मला वाटलं, कारण सापडलं. या यंत्राला पुढे रेडिएटर नाही. कूलंट टनेलच्या छताला लावलेल्या अॅल्युमिनियमच्या कूलरमधून फिरतं आणि ट्रॅक खालून बर्फाचा भुगा त्यांच्यावर उडवतो. तो भुगा वितळताना उष्णता खेचून घेतो. बर्फ नुसता गार असून उपयोग नाही, तो कूलरवर पोचून वितळला पाहिजे. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी जवळजवळ ८० अंशांनी तापलं असतं. कडक वाटेवर भुगाच उडत नाही, मग कूलर नुसत्या हवेवर राहतात आणि बाहेर कितीही थंडी असली तरी इंजिन तापत जातं. ट्रॅक ज्यांच्यावरून सरकतो त्या स्लाइड रेल्सच्या प्लॅस्टिक पट्ट्यांनाही हाच बर्फ वंगणासारखा लागतो. आज त्यांच्याकडून जळल्याचा वास येत होता, म्हणजे भुगा पोचत नव्हता हे नक्की.

१२ जानेवारी

आइस स्क्रॅचर बसवले. स्प्रिंगच्या दोन सळ्या, रेल्सना दोन्हीकडे एकेक. टोकं कडक वाटेवर ओरखडे काढतात आणि त्यातून निघालेला भुगा ट्रॅक वर उडवतो. मऊ बर्फात वर अडकवून ठेवायचे. हे काम तासाभराचं, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. रिव्हर्स घेताना टोकं उलटी अडकून वाकतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

१८ जानेवारी

रात्रभर ताजा बर्फ पडला. बाहेर उणे १४, गुडघाभर मऊ भुगा. थंड राहण्यासाठी यंत्राला याहून चांगली परिस्थिती मिळणार नाही. आणि तरीही दिवा तीनदा लुकलुकला.

तिसऱ्यांदा लागताच थांबलो. हातमोजा काढून हेडवरून निघणारा होज धरला. कोमट. हात सहज ठेवता येत होता. उकळीच्या जवळ गेलेल्या होजवर हात क्षणभरही टिकत नाही. टनेलच्या वरच्या बाजूनं हात फिरवला, सगळीकडे सारखाच कोमट. म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडलेला आहे आणि कूलंट फिरतंय. तो बंद अडकला असता तर इंजिन तापलेलं आणि टनेल थंडगार, असं दिसलं असतं.

म्हणजे ११ तारखेचा निष्कर्ष अपुरा होता. कडक वाटेचं कारण एका वेळेला लागू पडलं आणि मी ते सगळ्या वेळांना लावून टाकलं. ४ जानेवारीलाही वाट खडबडीत होती पण बर्फ मऊच होता, हे वहीत लिहिलेलं असूनही त्याकडे लक्ष दिलं नाही. आता पुढचा कुठलाही भाग बदलण्याआधी एक प्रश्न सोडवायचा : दिवा लागतो तेव्हा इंजिन खरंच तापलेलं असतं का? दिव्यावरच संशय आहे, तेव्हा हे दिव्याला विचारून कळणार नाही. दुसरं, स्वतंत्र मोजमाप पाहिजे.

१९ जानेवारी

आधी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरून पाहिला. इंजिन आळशी वेगावर (रेस न देता) दहा मिनिटं चालवून हेडच्या चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखला, आकडा २४. हात लावला तर त्याहून कितीतरी जास्त गरम. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांनी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे हे उपकरण फसतं. त्याच जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि टेपवर रोखला, तेव्हा आकडा ४५. उघड्या अॅल्युमिनियमवरचं इन्फ्रारेडचं वाचन यापुढे धरायचं नाही.

पण चालत्या यंत्रावर ते वापरताही येत नाही. म्हणून के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी वायर, लावला. टोक हेडच्या बाहेर जाणाऱ्या पाइपच्या धातूच्या गळ्यावर, होजच्या क्लिपपाशी, वरून उष्णता सोसणारी टेप आणि त्यावर फोमचा तुकडा, म्हणजे हवेचा झोत लागणार नाही. वायर हूडच्या फटीतून बाहेर, मीटर जॅकेटच्या आतल्या खिशात. थंडीत मीटरचा पडदा मंद पडतो आणि सेलही लवकर मान टाकतो, म्हणून आतला खिसा. इथला आकडा आतल्या कूलंटपेक्षा दोन-तीन अंश कमी येणार. मला चालेल, शंका पन्नास आणि नव्वद यांच्यातली आहे.

इतकं उघडलं आहे तर हवाही काढून घेतली. हवा काढायचा स्क्रू थर्मोस्टॅटच्या घरावर आहे, म्हणून पुढचा भाग उचलून ती जागा सर्वांत उंच केली. इंजिन गार, टाकीचं झाकण उघडं, स्क्रू सैल, आणि होज हातानं दाबत राहिलो. चार-पाच बुडबुडे आले, मग सलग कूलंट. पातळी रेघेच्या थोडी खाली गेली, भरली. सांडलेलं लगेच फडक्यानं पुसलं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि भयंकर विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं, मुलांचंही तेच.

बुडबुडे पाहून हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची, शंका आली. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर बुडबुडे थांबत नाहीत. इंजिन चालू करून पाच मिनिटं टाकीत पाहत राहिलो. एकही नाही. गॅस्केट ठीक.

२५ जानेवारी

आजची फेरी फक्त मोजण्यासाठी. दिवा लागला की थांबायचं, मीटर पाहायचं, वहीत लिहायचं.

बाहेर उणे ९, बर्फ मऊ, स्क्रॅचर वर. पहिली वीस मिनिटं आकडा ४१ ते ४८ मध्ये. मग एका खड्ड्यात डावीकडे वळताना दिवा लागला : ४७. थोड्या वेळानं पुन्हा डावीकडचं तीव्र वळण, दिवा : ४४. सरळ वाटेवर, भरधाव, लांब चढ चढताना आकडा ५३ पर्यंत गेला, दिवा गप्प. मग खडबडीत उतारावर, हँडल डावीकडे असताना, दोन लुकलुक : ४६ आणि ४६.

४४ अंशाला तापमानाचा दिवा लागायचं काहीच कारण नाही. आणि सर्वांत गरम असताना, ५३ ला, तो लागलाच नाही. दिव्याचा संबंध उष्णतेशी नाही, हँडलशी आहे. हे लिहिताना तीन आठवड्यांचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय, कारण आता शोध इंजिनातून निघून वायरिंगमध्ये आला.

२६ जानेवारी

या दिव्याचं सर्किट अगदी साधं आहे. दिव्याच्या एका टोकाला रेग्युलेटरकडून व्होल्टेज येतं. दुसऱ्या टोकापासून एकच वायर निघते आणि हेडवरच्या तापमान स्विचला जाते. स्विच ठरावीक तापमानाला आतून जुळतो आणि वायर इंजिनच्या धातूला, म्हणजे अर्थला जोडतो. सर्किट पुरं झालं की दिवा लागतो. याचे दोन अर्थ होतात. ही वायर वाटेत कुठेही उघडी पडून धातूला टेकली, तर स्विचला न विचारता दिवा लागणार. आणि वायर कुठं तुटली तर इंजिन जळून गेलं तरी दिवा लागणार नाही. दुसरी शक्यता जास्त भयंकर आहे. ती कधीच ओरडून सांगत नाही.

चाचणी अशी केली. यंत्र बाहेर, मोकळ्या हवेत, मागचा भाग स्टँडवर, ट्रॅकच्या मागे कुणी नाही. इंजिन आळशी वेगावर. स्विचची वायर काढून टोक टेपनं झाकलं. आता स्विच सर्किटमध्येच नाही, दिवा लागता कामा नये. हँडल सरळ : विझलेला. उजवीकडे शेवटपर्यंत : विझलेला. डावीकडे शेवटपर्यंत : लागला! परत सरळ केलं, विझला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आठ दिवसांपूर्वी हीच चाचणी केली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

इंजिन बंद केलं. बॅटरी नसण्याचा हा एक फायदा : इंजिन बंद म्हणजे सर्किट मेलेलं, मल्टिमीटर बिनधास्त लावता येतो. डॅशकडचा कनेक्टरही सोडवला, म्हणजे दिव्याच्या तारेतून वाट मिळणार नाही आणि फक्त ही वायर मोजली जाईल. मीटरचं एक टोक वायरला, दुसरं चॅसीला, आणि मीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकं जुळली की तो वाजतो. एका हातानं हँडल डावीकडे धरून दुसऱ्या हातानं हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा, पुढून मागे इंच-इंच हलवत गेलो. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ आल्यावर बीप तुटक व्हायला लागली.

तिथं वायरचा जुडगा एका केबल टायनं ब्रॅकेटला आवळलेला होता. टाय फार घट्ट होता आणि बरोबर वळणाच्या जागी. हँडल डावीकडे गेलं की जुडगा ताणला जाऊन ब्रॅकेटच्या धारदार काठावर घासायचा. टाय कापून जुडगा उलटवला. काळी टेप घासून गेलेली, खाली आमच्या वायरचं इन्सुलेशन तिळाएवढ्या जागेत गेलेलं, आणि त्यात तांबं नव्या नाण्यासारखं चमकत होतं. ब्रॅकेटच्या काठावर तेवढीच चमकती खूण. बराच वेळ ती जागा पाहत राहिलो. टॉर्चच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी ती कधी सापडली नसती, कारण हँडल सरळ असताना ती ब्रॅकेटच्या सावलीत जाते.

नुसती टेप गुंडाळून भागलं नसतं. आतल्या काही तारा तुटलेल्या होत्या. तेवढा तुकडा कापला, त्याच जाडीची दोन इंच नवी वायर घातली, दोन्ही जोड क्रिंप केले, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवले, आणि आत गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली. सोल्डर टाळलं. सोल्डर वायरमध्ये पुढे झिरपतं, तेवढा भाग कडक होतो, आणि सतत थरथरणाऱ्या यंत्रात वायर नेमकी त्या कडक भागाच्या काठाशी तुटते. चांगलं क्रिंप टिकतं, असा माझा अनुभव आहे.

ब्रॅकेटची धार कानशीनं मोडली. जुडग्यावर प्लॅस्टिकची पन्हाळी नळी चढवली, वळणाच्या जागी ढील ठेवली आणि टाय दांड्यापासून दूर, दोन बाजूंना, बोट आत जाईल इतके सैल बांधले. हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहिलं, जुडगा कुठंच ताणत नाही. वायरचं टोक मोकळं ठेवून इंजिन चालू केलं, वीस वेळा हँडल फिरवलं, दिवा गप्प. मग ते टोक हेडला टेकवलं, दिवा लागला. बल्ब, वायर आणि व्होल्टेज, तिन्ही शाबूत.

२७ जानेवारी

खोटं बोलायचं थांबलेला दिवा वेळ आल्यावर खरं बोलेल का, हे अजून ठरायचं होतं. स्विच काढला. फक्त याच कामासाठी ठेवलेल्या जुन्या भांड्यात पाणी घेतलं, स्विचचं टोक बुडेल असा तारेनं टांगला, शेजारी थर्मोकपल, दोन्ही तळाला न टेकवता. मीटर बीपवर. हळूहळू तापवत गेलो. ९३ ला बीप. आच बंद करून थंड होऊ दिलं, बीप ८५ ला थांबली. दोनदा पुन्हा केलं, एखाद्या अंशाचा फरक. स्विच ठणठणीत आहे.

परत बसवताना आट्यांवर टेप गुंडाळली नाही. हा स्विच अर्थ घेतो तो आट्यांमधूनच. टेपचे जाड थर त्या वाटेत आले तर दिवा लागणारच नाही. द्रव सीलंटचा एक थेंब आणि बसवल्यावर स्विचच्या बॉडीपासून चॅसीपर्यंत रेझिस्टन्स मोजला, अर्ध्या ओहमहून कमी. पुन्हा हवा काढली, पातळी रेघेवर.

१ फेब्रुवारी

दोन वाटांवर नेलं. मऊ बर्फात दीड तास, मुद्दाम खड्डे आणि डावी वळणं शोधून. आकडा ४१ ते ४९. दिवा एकदाही लागला नाही.

मग कडक वाट, आधी स्क्रॅचर वर ठेवून. ४८ वरून आकडा चढत गेला : पाच मिनिटांनी ६१, आठ मिनिटांनी ७२, अकरा मिनिटांनी ८४. स्क्रॅचर खाली केले. तीन-चार मिनिटांत ६३ वर आला आणि तिथंच राहिला. ९३ पर्यंत नेऊन दिवा लागतो का ते पाहायचा मोह झाला होता. नेलं नाही. दिव्याची वायर अर्थ करून तपासली आहे, स्विच भांड्यात तपासला आहे, त्यासाठी पिस्टनला तापवायची गरज नाही.

तेव्हा ११ जानेवारीचा दिवा बहुधा खरा होता. लुकलुक न करता लागून राहिला, हळूहळू तापल्यावर आला, मऊ बर्फात गेल्यावर विझला. बाकी सगळे खोटे. दोन वेगवेगळे दोष एकाच दिव्यातून बोलत होते, म्हणून मी गोंधळलो. त्या दिवशी हवेच्या बुडबुड्यांनी किती भर घातली, हे आता वेगळं काढता येणार नाही. स्क्रॅचर बसवल्यावर कडक वाटेवर मोजमाप घेण्याआधीच मी हवा काढून टाकली. एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती, याची रुखरुख आहे.

८ फेब्रुवारी

आठवडाभरात तीन फेऱ्या झाल्या. कूलंटची पातळी रेघेवरच, केसभरही खाली नाही. दिवा शांत.

आज हार्नेसचे बाकीचे टायही तपासले. हेडलाइटचा जुडगा त्याच ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूनं जातो. त्याच्या बाहेरच्या टेपवर तशीच घासल्याची खूण निघाली, तांबं अजून उघडं पडलेलं नव्हतं. तिथंही नळी चढवली आणि टाय बदलले. थर्मोकपल काढलेला नाही. मीटरसाठी हँडलजवळ फोम लावलेली लहान डबी बनवतोय, म्हणजे प्रत्येक वेळी जॅकेट उघडावं लागणार नाही.